ध्रुवसमुद्राची खानेसुमारी

उत्तर ध्रुवाभोवतालच्या सागरी बर्फाचा विस्तार २२ मार्च २०२५ रोजी आपल्या वार्षिक कमाल मर्यादेस पोहोचला, आणि ती मर्यादा अवघी १ कोटी ४३ लाख ३० हजार चौरस किलोमीटर भरल्यामुळे उपग्रहांच्या ४७ वर्षांच्या दप्तरात ती सर्वांत तोकडी ठरली, हे वृत्त वाचकांच्या नजरेखालून गेलेच आहे. बर्फ किती उरला याची चर्चा यथास्थित झाली. परंतु त्या बर्फाच्या खाली आणि काठाकाठाने दर वसंतात जी अदृश्यप्राय वनस्पतिसृष्टी उदयास येते, तिच्या घटकांत कोणता पालट घडत आहे, या प्रश्नाकडे जितके लक्ष जावयास हवे होते तितके गेले नाही, आणि माझ्या मते चिंतेचा खरा विषय तोच आहे.

वरवर पाहणारास जमेची बाजू भक्कम वाटेल. उपग्रह समुद्राच्या रंगावरून हरितद्रव्याचा अंदाज बांधतात, आणि त्या आधारावर स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी २०२० साली असा निष्कर्ष प्रसिद्ध केला की, १९९८ ते २०१८ या अवधीत आर्क्टिक महासागरातील वनस्पतिप्लवकांचे उत्पादन ५७ टक्क्यांनी वाढले. बर्फ हटला, ऊन पाण्यात उतरले, वनस्पती वाढली. पण हरितद्रव्याच्या आकड्यावरून ते कोणाच्या अंगचे आहे हे कळत नाही, आणि ज्या जिवांना ते खाऊन जगावयाचे आहे त्यांच्या दृष्टीने सारा प्रश्न तोच आहे.

स्वालबार द्वीपसमूहातील काँग्सफ्योर्ड या खाडीचे उदाहरण पाहावे. ऑक्टोबरच्या अखेरीस मावळलेला सूर्य तेथे फेब्रुवारीच्या उत्तरार्धात पुन्हा क्षितिजावर येतो आणि एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यापासून मावळेनासा होतो. खाडीच्या तळाशी, गाळात, डायाटमांची म्हणजे सिलिकेचे कवच बाळगणाऱ्या करंडक वनस्पतींची सुप्त बीजुके काळोखाचे ते सारे महिने पडून असतात. कडाक्याच्या थंडीने वरचे पाणी जड होऊन खाली जाते, तळचे वर येते, आणि त्या घुसळणीबरोबर बीजुके उजेडात पोहोचून थॅलासिओसिरा, कीटोसिरॉस, फ्रॅजिलॅरिऑप्सिस या प्रजातींचा बहर उसळतो. मात्र २००५-०६ च्या हिवाळ्यापासून अटलांटिकचे उबदार पाणी या खाडीत वारंवार शिरू लागले आहे, आणि तिचा मधला भाग पूर्वीसारखा गोठत नाही. एल्से हेगसेथ आणि विग्दिस त्वेरबेर्ग या नॉर्वेच्या विदुषींनी २०१३ साली याचा जो उलगडा केला तो असा की, हे पाणी ऐन हिवाळ्यात वरच्या थरांतून आले म्हणजे घुसळण तळापर्यंत जात नाही, बीजुके गाळातच अडकून राहतात, बहर लांबणीवर पडतो, आणि श्लेष्मल वसाहती करून राहणारे फिओसिस्टिस त्या मोकळ्या पाण्याचा ताबा घेते. उपग्रहास हाही बहर हिरवाच दिसतो. पण कॅलानस ग्लेशिॲलिस या काही मिलिमीटर लांबीच्या कवचधारी जीवाची अंडी घालण्याची वेळ बर्फातील शैवालांच्या बहराशी, आणि त्याच्या पिलांची वाढ खुल्या पाण्यातील बहराशी बांधलेली असते. आणि त्याच्या अंगातील मेदावर लिटल ऑक या चिमुकल्या सागरी पक्ष्यांची पिले पोसली जातात.

म्हणूनच नावांची गरज, आणि नावे म्हटली की ग्रेते रिटर हासले या ऑस्लो विद्यापीठातील विदुषीचे स्मरण अपरिहार्य होते. प्रकाश-सूक्ष्मदर्शकाखाली परस्परांसारख्या दिसणाऱ्या डायाटमांच्या कवचांवरील रेषा आणि छिद्रे त्यांनी १९६० च्या दशकात इलेक्ट्रॉन-सूक्ष्मदर्शकाखाली ताडून पाहिली, आणि थॅलासिओसिरा, फ्रॅजिलॅरिऑप्सिस यांसारख्या प्रजातींतील जातींच्या सीमा नव्याने आखून दिल्या. पुढे १९७४ साली डायाटमांच्या एका प्रजातीस त्यांच्या गौरवार्थ हासलिया हे नाव मिळाले. २००७ साली प्लिमथ येथील सायमन बेल्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आर्क्टिकच्या गाळात २५ कार्बन-अणूंचा एक मेदजन्य पदार्थ हुडकला. जेथे तो सापडतो तेथे त्या काळी वसंतात सागरी बर्फ होता, असा दाखला त्यावरून मिळतो. आणि तो पदार्थ निर्माण करणाऱ्या मोजक्या जातींत हासलियाच्याही जाती निघाल्या. हजारो वर्षांपूर्वीच्या बर्फाची साक्ष त्या विदुषीचे नाव धारण करणाऱ्या वनस्पतींनी द्यावी, याहून मोठा सन्मान मला सुचत नाही.

जाती ओळखून मोजण्याचे हे काम सावकाशीचे आहे. बाटलीभर पाण्यात लुगॉलचे आयोडीन घालावयाचे, म्हणजे ते फिक्या चहासारखे दिसू लागते. मग नळकांड्यात ते एक दिवस किंवा त्याहून अधिक निवांत ठेवावयाचे, आणि तळास बसलेल्या पेशी उलट्या सूक्ष्मदर्शकाखाली एकेक ओळखून मोजावयाच्या. आज पाण्यातील डीएनए वाचून जाती ओळखण्याची रीत रूढ होत आहे, आणि एक-दोन मायक्रॉनांच्या मायक्रोमोनास या शैवालासाठी, जे सूक्ष्मदर्शकाखाली केवळ ठिपका भासते, तिच्यावाचून गत्यंतर नाही. परंतु त्या डीएनएची रुजवात ज्या सूचीशी घालावयाची, ती सूची कोणीतरी अशाच रीतीने नाव निश्चित केलेल्या नमुन्यांवरूनच सिद्ध होते, हे विसरून चालणार नाही.

आपला संबंध येथे थेट पोहोचतो. काँग्सफ्योर्डच्याच काठी नी-ओलेसुंद येथे २००८ पासून भारताचे हिमाद्री हे केंद्र आहे, आणि गोव्यात वास्को येथील राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्र त्याचा कारभार पाहते. २०१४ च्या जुलैत खाडीत १९२ मीटर खोलीवर रोवलेली इंडआर्क ही यंत्रमालिका पाण्याचे तापमान, क्षारता आणि प्रवाह यांच्या नोंदी बर्फाखालूनही करीत असते. हे भूषणास्पद आहेच. पण अटलांटिकचे पाणी केव्हा आले हे यंत्राने सांगितले, तरी त्यानंतर कोण उगवले हे बाटलीतल्या पाण्यावरूनच कळावयाचे. डिसेंबर २०२३ पासून हिमाद्रीवर हिवाळी मोहिमाही जाऊ लागल्या आहेत, म्हणजे बहरापूर्वीचे, बीजुके तळाशी निजलेली असतानाचे पाणी हाती येण्याची सोय झाली आहे. तेथील पाणी दर ऋतूत त्याच ठिकाणांहून घेतले जावे, ते तपासावयास जातिनिश्चिती जाणणारे तज्ज्ञ वास्कोत कायम नेमणुकीवर असावेत, आणि या कामास चालू प्रकल्पाची तीन-पाच वर्षांची मुदत न लावता किमान एका पिढीची मुदत मंजूर व्हावी, एवढी मागणी सरकारदरबारी आग्रहाने मांडली पाहिजे.