पंधरा अश्वशक्तीला किती फुटांचा स्लॅशर?

जबलपूरच्या रिछाई औद्योगिक वसाहतीसारख्या जागी रिकाम्या भूखंडावरचे गवत काढायला छोटा ट्रॅक्टर लावायचा म्हटला, की पहिला प्रश्न ठरलेला: ‘किती एचपीचा?’ दुसरा: ‘स्लॅशर किती फुटी?’ या दोन आकड्यांवर सौदा होतो आणि पहिल्याच पावसाळ्यात ट्रॅक्टर धापा टाकू लागतो. प्रश्न चुकीचे नाहीत, पण अपुरे आहेत.

रोटरी स्लॅशर म्हणजे ट्रॅक्टरच्या मागे थ्री पॉइंट लिंकेजवर बसणारा लोखंडी पत्र्याचा डबा. आत एक गिअरबॉक्स, त्याखाली आडवी फिरणारी दोन पाती. विळ्याने कापताना आपण गवत मुठीत धरतो. कात्रीत दुसरे पाते आधार देते. इथे धरणारे कोणी नाही, काडी मोकळी उभी आहे. मग ती तुटते कशी? तिच्या स्वतःच्या जडत्वामुळे. पाते इतक्या वेगाने आदळते की काडीला वाकून निसटायला वेळच मिळत नाही. म्हणून या यंत्रात धारेइतकाच, किंबहुना जास्त, मान वेगाला आहे.

हिशेब करून पाहू. ट्रॅक्टरचा पीटीओ, म्हणजे अवजाराला ताकद पोहोचवणारा मागचा फिरता दांडा, मिनिटाला ५४० फेरे देतो. स्लॅशरच्या गिअरबॉक्समध्ये ते जवळपास दुप्पट, समजा १०४० होतात. चार फुटी, म्हणजे १.२ मीटर व्यासाच्या स्लॅशरमध्ये पात्याचे टोक मग सेकंदाला ६५ मीटर, म्हणजे ताशी २३५ किलोमीटर वेगाने पळते. दाट गवतात इंजिन दबले आणि पीटीओ ३५० फेऱ्यांवर आला, तर हाच वेग ४२ मीटरवर घसरतो. आता गवत कापले जात नाही, झोडपले जाते. काड्या चिंध्या होऊन आडव्या पडतात, काही डब्यात गुंडाळल्या जातात, भार आणखी वाढतो, वेग आणखी पडतो. लोक म्हणतात पात्यांना धार नाही. पुष्कळदा धार असते, ताकद नसते.

ताकद कुठली मोजायची? बॉनेटवर लिहिलेली अश्वशक्ती इंजिनची असते. पीटीओपर्यंत पोहोचेस्तोवर तिच्यातला काही हिस्सा गळतो. महिंद्राचा युवराज २१५ किंवा स्वराज ७१७ हे नाशिक-सांगलीच्या द्राक्षबागांतून फिरणारे ट्रॅक्टर १५ अश्वशक्तीचे. अशा ट्रॅक्टरच्या पीटीओवर फार तर १२ अश्वशक्ती धरावी, जुन्या इंजिनाला त्याहून कमी. झुडपी तणासाठी ढोबळ नियम असा, की कापणीच्या रुंदीच्या दर फुटामागे पीटीओवर ४ ते ५ अश्वशक्ती हवी. म्हणजे बाराला तीन फूट, तेही जेमतेम.

खरी अडचण इथे सुरू होते. छोट्या ट्रॅक्टरची मागची चाके बाहेरून बाहेर मोजली तर साडेतीन ते चार फूट भरतात. स्लॅशर त्याहून अरुंद असेल तर चाकाखाली दबलेली पट्टी न कापता राहते आणि दोन दिवसांनी पुन्हा उभी होते. ताकद म्हणते तीन फूट, चाके म्हणतात चार. माझ्या मते चाकांचे ऐकावे, चार फुटी घ्यावा आणि तडजोड चालीत करावी. पात्यांवर येणारा भार रुंदी, गवताची दाटी आणि ट्रॅक्टरची चाल या तिघांच्या गुणाकारावर ठरतो. चाल निम्मी केली की दर सेकंदाला कापायचे गवतही निम्मे होते. पण चाल कमी करायची ती गिअरने, रेस कमी करून नव्हे. पहिला लो गिअर, पीटीओचे ५४० फेरे पूर्ण. तरीही दमत असेल तर एका वेळी अर्धीच पट्टी घ्यावी, किंवा आधी उंचावरून आणि मग खालून, असे दोन हात फिरवावेत.

वजनाकडे तर कोणी पाहतच नाही. ८०० किलोचा ट्रॅक्टर घ्या, पुढच्या आसावर त्यातले सुमारे ३०० किलो. चार फुटी स्लॅशर २०० किलोचा धरला आणि उचलल्यावर त्याचा गुरुत्वमध्य मागच्या आसापासून १.४ मीटरवर आला, तर १.५ मीटर चाकांतराच्या ट्रॅक्टरचे पुढचे टोक तब्बल १८५ किलोंनी हलके होते. उरले ११५. पुढच्या आसावर ट्रॅक्टरच्या स्वतःच्या वजनाचा पाचवा हिस्सा, म्हणजे १६० किलो तरी हवेत. नाहीतर स्टिअरिंग फिरते आणि ट्रॅक्टर सरळ जातो, बांधावर चढताना पुढची चाके उचलतात. हायड्रॉलिकने स्लॅशर उचलला म्हणजे तो पेलला, असे नाही. पुढे वजने लावणे हा या जोडणीचाच भाग आहे.

आणखी एक गंमत, आणि ती जीवघेणी ठरू शकते. दोन पाती मिळून १० किलोची आणि सरासरी वेग सेकंदाला ५० मीटर धरला, तर त्यांच्यात १२,५०० ज्यूल ऊर्जा साठलेली असते. एवढ्या ऊर्जेत तो ८०० किलोचा ट्रॅक्टर दीड मीटर उचलला जाईल. एकाच क्लचच्या छोट्या ट्रॅक्टरवर तुम्ही क्लच दाबता तेव्हा इंजिन सुटते, पण फिरती पाती पीटीओ शाफ्टमधून उलटी गिअरबॉक्सला आणि चाकांना ढकलत राहतात. थांबायला हवा तो ट्रॅक्टर कुंपणाच्या दिशेने चालू लागतो. उपाय स्वस्त आहे: शाफ्टवर एकाच दिशेने ताकद जाऊ देणारा ओव्हररनिंग क्लच. दगडाचा किंवा खुंटाचा दणका बसला तर आधी तुटून गिअरबॉक्स वाचवणारा शिअर बोल्टही हवा. तो तुटला म्हणून जागी जाड, पक्का बोल्ट ठोकणारे महाभाग असतात. त्यांनी गिअरबॉक्सची किंमत आधीच विचारून ठेवावी. औद्योगिक भूखंडावर गवतात सळ्या, तार, काँक्रीटचे तुकडे दडलेले असणार. आधी पायी फिरून ते उचलणे, डब्याच्या साखळ्यांची झालर शाबूत ठेवणे आणि माणसांना पार लांब उभे करणे, याला पर्याय नाही.

तणाचा विचार मध्य प्रदेशाला नवा नाही. स्वातंत्र्यानंतर या भागातल्या लाखो एकरांवर कांस नावाचे खोल मुळांचे गवत पसरले होते. ते उखडायला केंद्रीय ट्रॅक्टर संघटनेने अवजड साखळी ट्रॅक्टर लावले, १९४९ मध्ये जागतिक बँकेने शेती यंत्रांसाठी १ कोटी डॉलरचे कर्ज दिले. कांसाला खोल नांगरटच लागते, वरून कापून ते हसते. गाजर गवताचे वेगळे. १९५० च्या दशकात पुण्यात नोंदले गेलेले हे तण बियांवर जगते, म्हणून फुलोऱ्याआधी कापले तर स्लॅशर कामाचा. बुंध्यापासून ते पुन्हा फुटते, तेव्हा दुसरी कापणी धरूनच चालावे. फुलल्यावर कापले तर परागकण हवेत उडतात, दम्याच्या आणि ॲलर्जीच्या माणसांना त्रास होतो, आणि डब्याला चिकटलेले बी पुढच्या भूखंडावर फुकट पेरले जाते. जबलपुरातच १९८९ पासून तणांवर काम करणारी राष्ट्रीय संस्था आहे, आजचे तण संशोधन संचालनालय. त्यांचा गाजर गवत जागृती सप्ताह दरवर्षी १६ ते २२ ऑगस्टला असतो, तो उगाच नव्हे.

खरेदीआधी एक कागद जरूर मागा. नर्मदेकाठच्या बुदनी इथे १९५५ पासूनची केंद्रीय संस्था ट्रॅक्टरची चाचणी घेते आणि तिच्या अहवालात पीटीओची शक्ती वेगळी दिलेली असते. विक्रेत्याच्या तोंडी आकड्यापेक्षा तो आकडा धरा, आणि टेप घेऊन आपल्या मागच्या चाकांची रुंदी स्वतः मोजा. १५ अश्वशक्तीला चार फुटी, तोही लो गिअरमध्ये आणि पुढे वजने लावून. पाच फुटी २५ अश्वशक्तीच्या पुढेच. पंधराच्या ट्रॅक्टरला पाच फुटी स्लॅशर कोणी फुकट दिला, तरी घेऊ नका.