वाघ आपलें चित्र आपणच काढतो

रानांत वाघ किती आहेत, हा प्रश्न ऐकावयास जितका सोपा तितकाच उत्तर देण्यास बिकट आहे. वाघ रात्रीं हिंडतो, बहुधा एकटा हिंडतो, आणि मनुष्याची चाहूल लागतांच आडोशास जातो. मग त्याची शिरगणती व्हावी कशी? आमच्या वाचकांपैकीं ज्यांचे वडील किंवा काका वनखात्यांत आहेत, त्यांनीं ‘ट्रॅप कॅमेरा’ हा शब्द घरीं ऐकलाच असेल. इतरांसाठीं त्याची हकीकत येथें देण्याचें आम्हीं योजिलें आहे.

ही युक्ति वाटते तितकी नवी नव्हे. जनावराचा धक्का तारेस लागतांच कॅमेरा उघडावा व प्रकाशाचा भडका उडावा, अशी योजना अमेरिकेंतील जॉर्ज शायरस या गृहस्थांनीं केली होती. त्यांचीं चित्रें ‘नॅशनल जिऑग्रफिक’ मासिकानें १९०६ सालीं छापलीं. आपल्या देशांत हेंच काम एफ. डब्ल्यू. चॅम्पियन या वनाधिकाऱ्यानें हिमालयाच्या पायथ्याच्या रानांत केलें. वाघाच्या नेहमींच्या वाटेवर बारीक तार ताणून ठेवावयाची. वाघाचा पाय तिला लागला कीं लखलखाट होऊन चित्र निघे. त्यांचें पुस्तक १९२७ सालीं प्रसिद्ध झालें. वाघ म्हणजे बंदुकीनें टिपावयाची वस्तु असें मानण्याच्या त्या काळीं हें धाडस लहान नव्हतें.

सांप्रतच्या कॅमेऱ्यास तार लागत नाहीं. तो लहानशा डब्याएवढा असून झाडाच्या बुंध्यास पट्ट्यानें, मनुष्याच्या गुडघ्याइतक्या उंचीवर बांधतात. त्यांत उष्णता ओळखणारा एक संवेदक असतो. प्रत्येक उबदार वस्तूपासून डोळ्यांस न दिसणारे अवरक्त किरण निघत असतात. उबदार शरीर संवेदकाच्या एका भागासमोरून दुसऱ्यासमोर सरकलें कीं दोहोंच्या मापांत फरक पडतो आणि क्षणार्धांत चित्र घेतलें जातें. नुसती उष्णता पुरत नाहीं, हालचालहि हवी. आणि नुसती हालचाल पुरत नाहीं, भोंवतालच्या मानानें उष्णतेंत अंतर हवें. म्हणूनच वैशाखांत खडक व माती जनावराच्या अंगाइतकीं तापलीं म्हणजे संवेदक चुकतो, आणि उन्हांतलें गवत वाऱ्यानें डोललें कीं उगाच शेंकडों चित्रें निघतात. कॅमेऱ्यापुढील गवत कापून टाकणें हें काम क्षुल्लक दिसतें खरें, पण आमच्या मतें अर्धें यश त्यांतच आहे.

वाघासाठीं कॅमेरे जोडीनें, वाटेच्या दोन्ही अंगांस लावतात. कारण वाघाचे पट्टे म्हणजे जणूं आपल्या बोटांचे ठसे. कोणत्याहि दोन वाघांचे पट्टे सारखे नसतात. इतकेंच नव्हे, तर एकाच वाघाची डावी व उजवी कूसहि सारखी नसते. एकच बाजू टिपली तर एका वाघाचे दोन वाघ मोजले जाण्याचा संभव.

तरीहि प्रत्येक वाघ कॅमेऱ्यापुढें येतोच असें नाहीं. न दिसलेले कसे मोजावयाचे? विद्यार्थिमित्रांनीं हा प्रयोग घरीं करून पाहावा. एका पिशवींत पुष्कळ गोट्या घ्या. त्यांतून २० काढून त्यांवर खडूची खूण करा, परत टाका व पिशवी हलवा. पुनः २० काढा. त्यांत खुणेच्या ५ निघाल्या, म्हणजे चौथा हिस्सा. तर पिशवींत सुमारें ८० गोट्या असाव्यात. वाघाच्या अंगावर खूण निसर्गानेंच केलेली आहे. हें गणित वाघांस लावून दाखविण्याचें काम उल्हास कारंत यांनीं कर्नाटकांतील नागरहोळे येथें केलें व १९९५ सालीं तें प्रसिद्ध झालें.

तत्पूर्वीं पावलांचे ठसे काचेवर गिरवून अथवा प्लास्टरमध्यें घेऊन गणती होत असे. अनुभवी वनरक्षकास ठशांवरून पुष्कळ कळतें, हें आम्ही नाकारीत नाहीं. परंतु ओल्या मातींत व कोरड्या धुळींत एकाच पायाचा ठसा निराळा उमटतो. राजस्थानांतील सरिस्का येथें कागदोपत्रीं वाघ होते. २००५ सालीं शोध घेतां रानांत एकहि उरला नसल्याचें उघड झालें. चोरट्या शिकाऱ्यांनीं ते संपविले होते. या धक्क्यानंतर देशभर कॅमेऱ्यांनीं गणती सुरू झाली. २०२२ च्या गणतींत ३२,५८८ जागीं कॅमेरे लावले गेले व ४ कोटी ७० लाखांहून अधिक चित्रें मिळालीं. त्यांत वाघाचीं ९७,३९९ होतीं आणि त्यांवरून ३,०८० निरनिराळे वाघ ओळखतां आले. एकूण अंदाज ३,६८२ चा ठरला.

आपल्या महाराष्ट्रांत डिसेंबर २०२४ मध्यें धाराशिव जिल्ह्यांतील येडशीच्या रामलिंग अभयारण्यांत एक वाघ असाच टिपला गेला. पट्टे ताडून पाहतां तो यवतमाळकडील टिपेश्वरचा निघाला! शेतें, रस्ते व गांवें ओलांडून तो शेंकडों किलोमीटर चालून आला होता, आणि वाटेंत बहुतेकांस त्याचा पत्ताहि लागला नव्हता.

मात्र हा डोळा वाघ व मनुष्य यांत भेद करीत नाहीं. सरपण, गवत व मध यांसाठीं रानांत जाणाऱ्यांचींहि चित्रें त्यांत निघतात. कॅमेरा कोठें बांधला आहे हें गांवास आधीं सांगणें व माणसांचीं चित्रें पुसून टाकणें, हें वनखात्याचें कर्तव्य आहे असें आम्हांस वाटतें. उत्तराखंडांतील कॉर्बेटच्या परिसरांत झालेला एक अभ्यास २०२४ सालीं प्रसिद्ध झाला. तेथील स्त्रिया जनावरें दूर राहावींत म्हणून रानांत मोठ्यानें बोलत व गाणीं म्हणत जात. कॅमेरे आल्यावर, कोणी तरी आपणांस पाहात आहे या संकोचानें, त्यांचे आवाज खालीं गेले, आणि जेथें पूर्वीं त्या जात नसत अशा आडबाजूच्या रानांत त्या जाऊं लागल्या. या अभ्यासासाठीं ज्यांच्याशीं बोलणें झालें होतें, त्यांपैकीं एका स्त्रीस पुढें वाघानें मारलें.