घरच्या संगणकासाठी यू. पी. एस. : निवड आणि सुरक्षितता

पूर्वी व्यापाऱ्याचे सारे व्यवहार वहीत असत. आज ते संगणकात आहेत. दुकान वाढवून घरी यावे, रात्री जमाखर्च पुरा करण्यास बसावे, आणि ऐन वेळी वीज जाऊन अर्धवट नोंद बिघडावी, हा अनुभव आपल्यापैकी अनेकांस असेल. यावरील उपाय म्हणजे यू. पी. एस.; परंतु केवळ किंमत पाहून ते घेतल्यास उपायाचाच अपाय होण्याचा संभव असतो.

प्रथम हे ध्यानी घ्यावे की, या उपकरणाचे कार्य रात्रभर संगणक चालविणे हे नसून, तो रीतसर बंद करण्यापुरती सवड देणे हे आहे. लहान यू. पी. एस.मध्ये बहुधा १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासांची बॅटरी असते. म्हणजे कागदोपत्री साठा ८४ वॅट-तासांचा. भार मोठा असता हा सर्व साठा हाती येत नाही. १५० वॅटच्या संगणकास त्यातून सुमारे १० ते १५ मिनिटे मिळतात, व तेवढी पुरेशी होत.

दुसरी गोष्ट मापाची. खोक्यावर ठळक छापलेला ‘६०० व्ही. ए.’ हा आकडा बारदानासह वजनासारखा समजावा. निव्वळ वजन वॅटमध्ये असते, आणि ते पुष्कळदा ३६० वॅटच भरते. संगणक व पडदा यांच्या वॅटची बेरीज करून निदान चतुर्थांश शक्ती शिल्लक राहील असे यंत्र घ्यावे. लेझर छपाईयंत्र त्यास कदापि जोडू नये. ते तापताना फार मोठा भार घेते. जेथे विजेचा दाब सतत कमीअधिक होतो तेथे ‘लाइन-इंटरॅक्टिव्ह’ प्रकार पसंत करावा. तो बॅटरी न वापरता दाब सावरतो.

आता सुरक्षिततेविषयी. भारतीय मानक ब्यूरोचे नोंदणीचिन्ह पाहूनच खरेदी करावी. भिंतीतील जोडणीस अर्थिंग असल्याची खात्री विजेच्या कारागिराकडून करून घ्यावी. बॅटरी प्रमाणाबाहेर भारित झाल्यास तीतून ज्वालाग्राही हायड्रोजन वायू निघू शकतो. म्हणून यंत्र बंद कपाटात, अंथरुणाखाली वा समईजवळ ठेवू नये. उष्णतेने बॅटरीचे आयुष्य घटते. ते सामान्यतः ३ ते ५ वर्षांचे असते. बॅटरी फुगली किंवा उग्र वास आला, तर वापर तत्काळ थांबवावा. भिंतीतून जोडणी काढली तरी यंत्रात वीज असते, म्हणून ते स्वतः उघडू नये.

शेवटी, जुन्या बॅटरीत शिसे व गंधकाम्ल असते. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार ती इतर कचऱ्यात टाकता येत नाही. ती विक्रेत्याकडे किंवा अधिकृत संकलकाकडे द्यावी. पाणी गाळून पिणाऱ्या आपल्या समाजाने तेच पाणी शिशाने दूषित होऊ देणे योग्य नव्हे.