तंबूतली पहिली रात्र

गेल्या थंडीत आम्ही पाच महिन्यांच्या लेकीला घेऊन लातूरहून नांदेड जिल्ह्यातल्या कंधारला गेलो. हजरत हाजी सय्याह (रह.) यांच्या दर्ग्यात जियारत आणि रात्री नातेवाइकांच्या शेतात तंबूत मुक्काम, असा बेत. ‘एवढ्याशा जिवाला उघड्यावर?’ अम्मी रागावल्या. त्यांची काळजी खरीच होती.

बुखारी शरीफमध्ये हजरत जाबिर (रजि.) यांच्याकडून आलेली शिकवण आम्हाला आठवली: तिन्हीसांजेला मुलांना आत घ्या, भांडी झाका, दिवे विझवून झोपा. तीच आमची यादी झाली.

मगरिबआधी बाळ मच्छरदाणीत. अंथरूण झटकले, चपला उलट्या करून पाहिल्या. आपल्याकडे विंचवाचे भय मोठे. विंचू चावलाच तर झाडफूक नाही, 108 ला फोन आणि तडक दवाखाना. विंचूदंशावर प्राझोसिन वापरून असंख्य जीव वाचवणारे डॉ. हिम्मतराव बावस्कर मराठवाड्याचेच.

पाणी उकळून झाकले, पण ते आईसाठी. सहा महिन्यांपर्यंत बाळाला फक्त अंगावरचे दूध. वरचे पाणीही नको.

रात्री गारठा वाढला. खालांनी मायेने पेटती शेगडी तंबूत आणली. आम्ही ती अदबीने बाहेर ठेवली. बंद जागेत कोळशातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला वास नसतो. झोपेतच जीव जातो. बाळाला कपड्यांचे थर चढवले, तोंड उघडे ठेवून उताणे झोपवले.

फजरला लेक हसतच उठली. अम्मींचा फोन आला, तेव्हा त्यांना आधी शेगडीचीच गोष्ट सांगितली. त्या क्षणभर गप्प झाल्या. मग म्हणाल्या, ‘आता आपल्या घरातही रात्री शेगडी नको.’