मूळ प्रतिमेला धक्का न लावणारे संपादन

संगणकावरील छायाचित्र पिक्सेल नावाच्या सूक्ष्म ठिपक्यांचे बनलेले असते आणि 8 बिटच्या प्रतिमेत प्रत्येक पिक्सेलच्या लाल, हिरव्या व निळ्या घटकाला 0 ते 255 यांपैकी एक मूल्य असते. ही मूल्ये निम्मी करून प्रतिमा गडद केली, तर अपूर्णांक गळून 100 आणि 101 या दोन्हींचे 50 होते. पुढे ती दुप्पट केली तरी दोन्ही ठिकाणी 100च उरते. असे फरक पुसले गेले की संध्याकाळच्या आकाशातील सलग छटांमध्ये पट्टे दिसू लागतात. ‘अन्डू’ची सोय यावर पुरेशी नाही, कारण फाईल बंद होताच ती संपते, फोटोशॉपमध्ये तर 1998च्या 5.0 आवृत्तीत हिस्टरी पॅलेट येईपर्यंत एकच पायरी मागे जाता येत असे.

खरा बदल त्याआधीच, 1996च्या 4.0 आवृत्तीतील अ‍ॅडजस्टमेंट लेयरने घडवला होता. या थरात चित्र नसते, ‘खालचे सारे इतके गडद दाखव’ एवढी सूचना असते. त्यामुळे तो काढून टाकताच मूळ प्रतिमा जशीच्या तशी समोर येते. मात्र गडद करणाऱ्या थरावर उजळ करणारा दुसरा थर चढवणे, ही सर्रास आढळणारी सवय या सोयीचा निम्मा लाभ घालवते, कारण गणित थरांच्या क्रमाने होते आणि वर सांगितलेली झीज पडद्यावर पुन्हा उमटते. अशा वेळी पहिल्याच थराची सेटिंग बदलणे श्रेयस्कर.

थराचा परिणाम ठरावीक भागापुरता ठेवण्यासाठी मास्क वापरतात. मास्कच्या पांढऱ्या भागात थर पूर्ण दिसतो, काळ्या भागात झाकला जातो व करड्या भागात अर्धवट उमटतो. म्हणून खोडरबराने पुसलेली केसांची कड परत मिळत नाही, पण मास्कने झाकलेली पांढऱ्या ब्रशने पुन्हा उघडता येते.

2005मध्ये आलेल्या स्मार्ट ऑब्जेक्टने हेच तत्त्व आकारमानाला लावले. 4000 पिक्सेल रुंदीचे छायाचित्र त्याच प्रमाणात 400वर आणले, तर साध्या थरात शंभरांतला एकच पिक्सेल उरतो, स्मार्ट ऑब्जेक्टमध्ये मात्र मूळ छायाचित्र आत जपलेले राहते. फाईल त्यामुळे फुगते, हे खरे. शिवाय एका जागेचा नमुना दुसरीकडे उमटवणारे क्लोन स्टॅम्प हे साधन त्यावर थेट चालवता येत नाही. चेहऱ्यावरचा डाग काढायचा, तर वर कोरा थर घेऊन, नमुना खालच्या थरांतून उचलून, दुरुस्ती त्या कोऱ्या थरावरच करावी लागते.