गोठ्यातला प्रश्न, हृदयाचे औषध

१९२०च्या दशकात कॅनडा आणि अमेरिकेच्या उत्तर भागातल्या पशुपालकांवर एक विचित्र संकट कोसळले. धडधाकट गायी शरीरात रक्तस्राव होऊन दगावत होत्या. शिंगे कापताना किंवा गोऱ्हा खच्ची करताना झालेली साधी जखमही जिवावर बेतत होती, कारण रक्त थांबतच नव्हते. रोगजंतू सापडेना.

कारणाचा पहिला माग काढला फ्रँक स्कोफिल्ड या कॅनडातल्या पशुवैद्यकाने. गायींना 'स्वीट क्लोव्हर' नावाचे, आपल्याकडच्या लसूणघासाच्या नात्यातले, वाळलेले गवत घातले जात होते. एकाच गंजीतले चांगले आणि बुरशी लागलेले देठ वेगळे करून त्यांनी ते वेगवेगळ्या सशांना खाऊ घातले. बुरशीचे देठ खाणारा ससा रक्तस्रावाने मेला आणि चांगले खाणारा जगला. पुढे नॉर्थ डाकोटातल्या ली रॉडरिक यांनी दाखवून दिले की, अशा गायींच्या रक्तात गुठळी होण्यासाठी लागणारे प्रोथ्रॉम्बिन कमी पडते. चारा टाकून द्या, हा सल्ला बरोबर होता. पण मंदीच्या काळात दुसरा चारा विकत घेण्याची ऐपत किती जणांची होती?

फेब्रुवारी १९३३मधल्या एका शनिवारी, बर्फाच्या वादळात, विस्कॉन्सिन राज्यातल्या डिअर पार्कजवळचे शेतकरी एड कार्लसन सुमारे ३०० किलोमीटर गाडी हाकून मॅडिसनला पोहोचले. गाडीत मेलेली कालवड होती, दुधाच्या कॅनमध्ये न गोठलेले रक्त होते आणि खराब झालेल्या चाऱ्याचा ढीग होता. सरकारी पशुवैद्यकाचे कार्यालय बंद होते. शोधत शोधत ते विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या शेती महाविद्यालयातल्या जीवरसायन विभागात आले. तिथे प्राध्यापक कार्ल पॉल लिंक काम करत होते. आजार त्यांना ठाऊक होता, पण तो चारा बंद करा आणि जमल्यास जनावराला दुसऱ्या जनावराचे रक्त द्या, यापलीकडे सांगण्याजोगे त्यांच्याजवळ काही नव्हते. कार्लसन माघारी गेले. रक्त आणि चारा प्रयोगशाळेत राहिला, आणि प्रश्नही.

उत्तर मिळायला सहा वर्षे लागली. त्या गवतात कुमारिन नावाचे द्रव्य असते. नुकत्याच कापलेल्या गवताला जो गोडसर वास येतो, तो त्याचाच. कुमारिन स्वतः निरुपद्रवी, पण गवत दमट राहून बुरशी धरली की त्यापासून दुसरेच संयुग तयार होते. १९३९च्या जूनमध्ये लिंक यांचे सहकारी हॅरोल्ड कॅम्पबेल यांनी त्या संयुगाचे काही मिलिग्रॅम स्फटिक वेगळे केले. त्याची रचना १९४०मध्ये उलगडली. हेच डायकुमारॉल. पुढच्याच वर्षी डॉक्टर ते रुग्णांवर वापरून पाहू लागले. गायीचे रक्त पातळ ठेवणारे द्रव्य शिरेत नको असलेली गुठळी होणाऱ्या माणसाला वाचवू शकते, हा विचार त्यामागे होता.

त्याच कुळातले एक अधिक प्रभावी संयुग १९४८मध्ये उंदीर मारण्यासाठी बाजारात आले. ते वॉरफरिन. विद्यापीठातल्या शोधांचे हक्क सांभाळून मिळकत पुन्हा संशोधनात घालणाऱ्या प्रतिष्ठानाच्या नावावरून ते नाव पडले. १९५१मध्ये अमेरिकी लष्करातल्या एका तरुणाने आत्महत्येसाठी हे उंदराचे विष बऱ्याच प्रमाणात खाल्ले, पण उपचारांत के जीवनसत्त्व मिळाल्याने तो पूर्ण बरा झाला. विषाला उतारा आहे हे कळल्यावर माणसांवरच्या चाचण्यांना बळ मिळाले. १९५४मध्ये वॉरफरिनला मान्यता मिळाली आणि १९५५मध्ये हृदयविकाराचा झटका आलेल्या राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनाही ते दिले गेले.

हे औषध काम कसे करते? रक्त गोठवणारी काही प्रथिने यकृतात तयार होतात. ती कामाला येण्यासाठी के जीवनसत्त्वाची मदत लागते. या मदतीत जीवनसत्त्व खर्ची पडते आणि एक विकर त्याला पुन्हा पूर्वपदावर आणते. वॉरफरिन नेमके त्या विकराला अडवते. आधीची प्रथिने संपेपर्यंत काही दिवस जातात, म्हणून औषधाचा पूर्ण परिणाम लगेच दिसत नाही.

आपल्याकडे या औषधाचे मोल वेगळ्या कारणाने मोठे आहे. लहानपणी घशाच्या जंतुसंसर्गानंतर येणारा संधिवाताचा ताप हृदयाच्या झडपा खराब करतो. अशा रुग्णांना कृत्रिम झडप लागते, आणि आयात झडप अनेकांच्या आवाक्याबाहेर होती. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेत डॉ. एम. एस. वलियाथन आणि त्यांच्या अभियंत्यांनी देशी झडप घडवायला घेतली. पहिली तीन प्रारूपे कसोटीला उतरली नाहीत. चौथे उतरले आणि डिसेंबर १९९०मध्ये ते पहिल्या रुग्णाला बसवले गेले. मिश्रधातूची चौकट, त्यात अतिउच्च रेणुभाराच्या पॉलिएथिलीनची तिरकी होणारी चकती. मिनिटाला ७० ठोके धरले, तर तिला वर्षाला साडेतीन कोटींहून अधिक वेळा उघडझाप करावी लागते.

मात्र यांत्रिक झडपेवर गुठळी जमू शकते. म्हणून त्या रुग्णाला वॉरफरिन किंवा त्याच्या कुळातले औषध जन्मभर घ्यावे लागते. रक्त पातळ करणाऱ्या नव्या गोळ्या यांत्रिक झडपेसाठी चालत नाहीत. डॅबिगॅट्रानची तशी चाचणी रुग्णांना अपाय होऊ लागल्याने थांबवावी लागली. म्हणजे अभियंत्यांची झडप आणि शेती महाविद्यालयातले औषध एकाच छातीत एकमेकांच्या भरवशावर काम करतात. घरी असा रुग्ण असेल, तर आयएनआर ही रक्ततपासणी डॉक्टर सांगतील तेव्हा करा, गोळी मनाने बंद करू नका, आणि मेथी-पालकासारख्या पालेभाज्यांचे प्रमाण एकाएकी वाढवू किंवा घटवू नका. त्यात के जीवनसत्त्व भरपूर असते.

लिंक यांची बुद्धी आणि चिकाटी मोठी होतीच. पण विद्यापीठाचे दार शेतकऱ्यासाठी उघडे नसते, तर तो प्रश्न त्यांच्यापर्यंत पोहोचलाच नसता. शिक्षण, संशोधन आणि विस्तार ही तिन्ही कामे एकाच छपराखाली करणारी अमेरिकी विद्यापीठे डोळ्यांपुढे ठेवूनच भारतात १९६०मध्ये पंतनगरला पहिले कृषी विद्यापीठ उभे राहिले. महाराष्ट्रात राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली येथे चार कृषी विद्यापीठे आहेत, नागपूरला पशुविज्ञानाचे वेगळे विद्यापीठ आहे आणि जिल्ह्याजिल्ह्यांत कृषी विज्ञान केंद्रे आहेत. तिथे विस्तार म्हणजे तयार शिफारस गावात पोहोचवणे, एवढाच अर्थ उरू नये. गावातला प्रश्न प्रयोगशाळेत आणणे, हेही विस्ताराचेच काम आहे. शेतकऱ्याने आणलेल्या प्रत्येक नमुन्याची नोंद व्हावी, उत्तर नसलेल्या प्रश्नांची यादी संशोधकांपुढे जावी आणि वैद्यकीय व अभियांत्रिकी महाविद्यालयांनीही ती वाचावी.

शेतकऱ्यांनाही एक विनंती. पिकाचा किंवा जनावराचा आजार नेहमीसारखा वाटला नाही, तर दुकानातून औषध आणून गप्प बसू नका. पाने, माती, चारा, जे हाती असेल ते घेऊन जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात किंवा विद्यापीठात जा, आणि उत्तर मिळाले नाही तरी तुमचा प्रश्न तिथे लिहून घ्यायला लावा.