लोखंडी नांगराचा संसार : लक्ष्मणराव किर्लोस्करांच्या उद्योगाचा वऱ्हाडाच्या बाजूने एक आढावा

विसाव्या शतकाच्या आरंभी मराठी मुलखात यंत्रे घडवून त्यांवर उद्योग उभारण्याचे जे प्रयत्न झाले, त्यांत लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्कर (१८६९–१९५६) यांचा प्रयत्न सर्वांत दीर्घायुषी ठरला, आणि तो का ठरला याचे उत्तर त्यांच्या कल्पकतेपेक्षा त्यांच्या गिऱ्हाइकाच्या शेतात अधिक सापडते. लोखंडी नांगर हा काही त्यांचा मूळ शोध नव्हे. इंग्लंडमध्ये रॉबर्ट रॅन्सम यांनी ओतीव लोखंडाच्या फाळाची एक बाजू झटकन थंड करून ती टणक करण्याच्या पद्धतीचे एकस्व, म्हणजे पेटंट, १८०३ मध्येच घेतले होते, आणि अमेरिकेत जॉन डिअर या लोहाराने १८३७ मध्ये इलिनॉयच्या चिकट मातीत न अडकणारा पोलादी नांगर बनवला होता. लक्ष्मणरावांचे श्रेय निराळे आहे : दख्खनची जमीन, बैलांची ताकद, शेतकऱ्याची ऐपत आणि खेड्यातल्या लोहाराच्या मर्यादा या चारही गोष्टी एकत्र धरून त्यांनी परदेशी अवजाराला देशी रूप दिले आणि ते विकत घेणारा वर्गही स्वतःच तयार केला. मेहकर तालुक्यातील डोणगावसारख्या वऱ्हाडी गावाच्या बाजूने या कामगिरीकडे पाहिले तर तिचे मोल आणि तिची हद्द ही दोन्ही अधिक नीट उमगतात, कारण तिथल्या काळ्या जमिनीच्या मशागतीची रीत कृष्णाकाठच्या रीतीपेक्षा वेगळी होती.

लक्ष्मणरावांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे झाला. ‘सौभद्र’ नाटकाचे कर्ते अण्णासाहेब किर्लोस्करही त्याच गावचे. वडील काशिनाथपंत वेदान्ताचे अभ्यासक असले तरी मुलाचा ओढा पोथीकडे नव्हता, तो चित्रकला आणि यंत्रे यांकडे होता, आणि म्हणून १८८५ च्या सुमारास तो मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत दाखल झाला. तेथे त्याला काही रंगांतला फरक ओळखू येत नाही, म्हणजे अंशतः रंगांधळेपणा आहे, असे आढळले आणि चित्रकार होण्याचा मार्ग बंद झाला. परंतु यंत्रचित्रणाला, म्हणजे यंत्राच्या प्रत्येक भागाचे मापासह रेखाटन करण्याच्या विद्येला, रंग लागत नाहीत, आणि याच विद्येच्या बळावर लक्ष्मणरावांना व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षकाची जागा मिळाली. पुढच्या सगळ्या कारखानदारीचा पाया या रेखाटनात आहे. परदेशी यंत्राचे भाग सुटे करून, त्यांची मापे घेऊन, त्यांतला कोणता भाग आपल्याकडे पातळ करता येईल आणि कोणता जाड ठेवावा लागेल हे कागदावर ठरवणारा माणूस केवळ नक्कल करीत नसतो.

मुंबईतल्या नोकरीच्या काळातच त्यांनी थोरले बंधू रामचंद्र ऊर्फ रामुअण्णा यांच्याबरोबर बेळगावात सायकलींचे दुकान सुरू केले होते; मुंबईत सायकल खरेदी करायची, बेळगावात विकायची आणि घेणाऱ्याला ती चालवायलाही शिकवायची, असा तो व्यवहार होता. नवे यंत्र विकायचे तर ते वापरण्याचे शिक्षणही दुकानदारानेच दिले पाहिजे, हा धडा त्यांना या दुकानाने दिला. १८९७ मध्ये टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये बढतीची संधी आली तेव्हा त्यांना डावलून ती एका अँग्लो-इंडियन शिक्षकाला देण्यात आली, आणि लक्ष्मणराव राजीनामा देऊन बेळगावास आले. स्वाभिमानाची ही कथा चरित्रकारांना साहजिकच प्रिय आहे. तथापि तोवर बेळगावचा धंदा उभा होता आणि राजीनाम्यामागे तेवढा आधार होता, हेही ध्यानात ठेवायला हवे.

बेळगावात त्यांनी प्रथम कडबा कापण्याचे यंत्र केले. ज्वारीची धाटे अखंड टाकली तर जनावर पाला खाते आणि जाड बुडखा तुडवून वाया घालवते. तीच धाटे बारीक तुकडे करून घातली तर बहुतेक सगळा चारा पोटात जातो, आणि टंचाईच्या साली हा फरक मोठा असतो. त्यानंतर, १९०३ च्या सुमारास, लोखंडी नांगर बाजारात आला. लाकडी नांगराचा फाळ जमिनीत पाचरीसारखा शिरून माती फाडतो, परंतु दोन तासांच्या, म्हणजे नांगराने पाडलेल्या चरांच्या, मध्ये न नांगरलेली पट्टी शिल्लक राहते आणि माती जागच्या जागी राहते. लोखंडी नांगराला फाळाच्या मागे एक वळणदार पंखा असतो, तो कापलेला मातीचा पट्टा उचलून उलथा टाकतो, त्यामुळे खालची माती वर येते, तणाच्या मुळ्या उन्हात पडतात आणि हरळीसारखे चिवट गवत उपटले जाते. हा पंखा आणि फाळ ओतीव लोखंडाचे असल्याने सगळे यश ओतकामावर अवलंबून होते : लोखंड मऊ राहिले तर फाळ चार दिवसांत झिजणार, आणि फार कडक झाले तर दगडाला लागून तुटणार.

पहिले नांगर खपायला दोन वर्षे लागली. लोखंडाने जमिनीत विष कालवले जाते, या शेतकऱ्यांच्या समजुतीमुळे असे झाले, हे कारण जवळजवळ प्रत्येक लेखात सांगितले जाते आणि त्यात तथ्य आहेच. पण त्या समजुतीला नुसते अडाणीपण म्हणणे शेतकऱ्यावर अन्याय करणारे आहे. लाकडी नांगर गावचा सुतार बलुत्यावर करून देत असे, त्याला रोख पैसा लागत नसे, मोडला तर संध्याकाळपर्यंत दुरुस्त होई. लोखंडी नांगराला आधी रोकड मोजावी लागे, तो ओढायला जास्त बैल जुंपावे लागत, आणि त्याचा फाळ तुटला तर गावच्या लोहाराला तो भात्यावर नव्याने ओतता येत नसे. शेतकऱ्याच्या मनातली शंका मातीइतकीच या परावलंबनाची होती. लक्ष्मणरावांचे उद्योजकत्व येथेच सुरू होते, कारण त्यांनी वादावर फारसा भर न देता फाळाचा टणकपणा सुधारला आणि झिजणारे भाग सुटे विकत मिळतील अशी व्यवस्था लावली. पुढे जागोजागीचे विक्रेते, सचित्र जाहिराती आणि शेतावरची प्रात्यक्षिके यांची भर पडली. नांगर एकदाच विकला जातो, फाळ मात्र पुन्हा पुन्हा लागतो, आणि फाळ मिळण्याची खात्री असेल तरच नांगर घेतला जातो.

वऱ्हाडात हा हिशेब आणखी गुंतागुंतीचा होता. १८५३ च्या तहानंतर इंग्रजी कारभाराखाली आलेल्या या प्रदेशात कापूस आणि ज्वारी ही मुख्य पिके, आणि काळ्या कसदार जमिनीला उन्हाळ्यात आपोआप खोल भेगा पडत असल्याने जमीन दरवर्षी नांगरण्याची गरज शेतकऱ्याला वाटत नसे. उलंगवाडी, म्हणजे कापसाची शेवटची वेचणी, होऊन पऱ्हाट्या, म्हणजे कपाशीची वाळलेली झाडे, उपटल्या की त्याचे मुख्य अवजार असे ते वखर, म्हणजे रुंद आडव्या पात्याचे, वरची काही बोटे माती मोकळी करणारे अवजार. पेरणीला तिफण, आंतरमशागतीला डवरा, आणि नांगर चार-सहा वर्षांतून एकदा, तोही शिवारात कुंदा किंवा कास हे तण माजले तर. म्हणजे ज्या यंत्रावर किर्लोस्करांचा उद्योग उभा राहिला, ते डोणगावच्या परिसरातल्या शेतकऱ्याच्या दृष्टीने रोजच्या गरजेचे नव्हते, तणाने हैराण झाल्यावरचा तो उपाय होता. ऊस आणि बागायत करणाऱ्या सातारा-सांगलीकडच्या शेतकऱ्याला मात्र खोल नांगरट हवीच होती. पहिला बाजार तिकडे सापडला यात म्हणूनच नवल नाही, आणि हा बाजार हाकेच्या अंतरावर होता हे लक्ष्मणरावांचे सर्वांत मोठे भाग्य म्हणावे लागेल.

बेळगावच्या नगरपालिकेने नव्या वस्तीसाठी कारखान्याची जागा रिकामी करायला लावली तेव्हा औंध संस्थानचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी मदतीला आले. त्यांनी कुंडल रोड स्थानकाजवळची सुमारे ३२ एकर जमीन आणि १०,००० रुपयांचे बिनव्याजी कर्ज देऊ केले. निवडुंग आणि साप यांखेरीज तेथे काही नव्हते. मार्च १९१० मध्ये तेथे किर्लोस्करवाडीची वसाहत सुरू झाली. शिक्षा भोगून आलेल्या माणसांना रखवालदारीवर नेमण्याचे धाडसही तेथे झाले, आणि ते फसले नाही. संस्थानिकांचा आश्रय ही मराठी उद्योगाच्या इतिहासातली मोठी, पण कमी चर्चिलेली बाब आहे : प्रभाकर कंदिलांसाठी ओळखला जाणारा ओगल्यांचा काच कारखानाही औंधच्याच हद्दीत उभा राहिला, आणि पहिल्या महायुद्धात परदेशी लोखंड येईनासे झाले तेव्हा कोल्हापूरच्या शाहू छत्रपतींनी पन्हाळ्यावरच्या जुन्या तोफा नांगरांसाठी वितळवायला दिल्या.

१९२० मध्ये किर्लोस्कर ब्रदर्स ही मर्यादित कंपनी, म्हणजे जिच्यातील भागधारकाची जबाबदारी त्याच्या भागापुरतीच असते अशी संस्था, म्हणून नोंदली गेली. त्याच वर्षी निघालेले ‘किर्लोस्कर खबर’ हे मुळात कारखान्याच्या मालाची माहिती विक्रेत्यांना आणि गिऱ्हाइकांना पोचवणारे पत्रक होते. लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव यांनी त्याचे मासिक केले आणि पुढे १९३० मध्ये ‘स्त्री’, १९३४ मध्ये ‘मनोहर’ अशी भावंडे त्याला आली. मराठी मध्यमवर्गाच्या वैचारिक वाचनाचा बराच भाग नांगराच्या जाहिरातखर्चातून जन्मला, हे दिवाळी अंकाच्या वाचकाने आठवण्याजोगे आहे. नांगराच्या जोडीला उसाचे चरक, भुईमूग फोडण्याची यंत्रे आणि पाण्याचे पंप आले, आणि हळूहळू पंपांनी नांगराला मागे टाकले.

याच पिढीतले दुसरे मराठी संशोधक शंकर आबाजी भिसे (१८६७–१९३५) यांच्याशी तुलना केल्यावाचून लक्ष्मणरावांचे वेगळेपण पुरते कळत नाही. मुंबईच्या महालेखापालांच्या कचेरीत नोकरी करता करता ‘विविध कलाप्रकाश’ हे विज्ञानविषयक मासिक चालवणाऱ्या भिशांनी वस्तू तोलून आपोआप बांधणाऱ्या यंत्राच्या आराखड्यासाठी लंडनच्या नियतकालिकाचे बक्षीस मिळवले. दादाभाई नवरोजींच्या प्रोत्साहनाने इंग्लंड गाठून त्यांनी छपाईचे खिळे ओतणारे ‘भिसोटाइप’ नावाचे यंत्र विकसित केले. एकाच वेळी अनेक खिळे ओतण्याची त्यांची कल्पना तेव्हाच्या प्रचलित यंत्रांच्या पुढे होती, आणि निव्वळ संशोधक म्हणून त्यांची झेप लक्ष्मणरावांहून निःसंशय मोठी होती. तथापि त्यांचे गिऱ्हाईक लंडन आणि न्यूयॉर्कमधले बडे मुद्रण-व्यावसायिक होते, आणि तो बाजार आधीच मोठ्या कंपन्यांनी वाटून घेतलेला होता. भांडवलासाठी भिशांना दर वेळी नव्या पुरस्कर्त्याकडे जावे लागले. गोपाळ कृष्ण गोखले यांच्या मध्यस्थीने सर रतन टाटा यांनी १९१० मध्ये त्यांच्यासाठी संघ स्थापन केला, पण तो काही वर्षांतच बंद पडला, आणि भिसे अमेरिकेला गेले. तेथे त्यांना बरे आर्थिक यश मिळाले ते आयोडीनयुक्त औषधाने. त्यांना ‘भारताचे एडिसन’ म्हटले जाते; पण एडिसनपाशी स्वतःचा कारखाना होता आणि भिशांपाशी तो फार उशिरा आला, ही गोष्ट ती उपाधी झाकून टाकते.

किर्लोस्करांच्या पुढच्या पिढीत चिरंजीव शंतनुराव (१९०३–१९९४) अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्सच्या तंत्रज्ञान संस्थेत शिकून परतले आणि कारखानदारीचा व्याप वाडीच्या कुंपणाबाहेर गेला : हरिहरला यंत्रसामग्रीचा कारखाना, १९४६ मध्ये बंगळूरला विजेच्या मोटारी आणि पुण्याला डिझेल इंजिने. १९४८ मध्ये गांधीहत्येनंतरच्या जाळपोळीत किर्लोस्करवाडीचे मोठे नुकसान झाले, तरी कारखाना पुन्हा उभा राहिला. २६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणरावांचे निधन झाले, तेव्हा त्यांचा नांगर अजून विकला जात होता, पण उद्योगाचा कणा पंप आणि इंजिन हाच होता.

वऱ्हाडाशी या उद्योगाचा खरा संबंध जुळला तो नांगरातून नव्हे, तर विहिरीवर बसलेल्या या इंजिनातून. खोल नांगरटीचे काम पुढे ट्रॅक्टरने अंगावर घेतले. वखर मात्र टिकून राहिले, फक्त ते बैलांऐवजी ट्रॅक्टरमागे लागू लागले. कापसाच्या जोडीला सोयाबीन आणि तूर आल्यावर नवी गरज निर्माण झाली ती माल गावातच प्रक्रिया करून विकण्याची, आणि तिला धरून १९६९ मध्ये स्थापन झालेल्या अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने तुरीची डाळ करणारी ‘पीकेव्ही मिनी डाळ मिल’ तयार केली. येथे संशोधन विद्यापीठाचे आणि उत्पादन स्थानिक कारागिरांचे, अशी विभागणी आहे. संशोधन आणि उत्पादन यांमधला जो दुवा भिशांना वेळेवर मिळाला नाही तो येथे संस्थेने जोडून दिला आहे. परंतु हंगामाच्या ऐन भरात गिरणीची चाळणी फाटली किंवा रोलर झिजला तर नवा भाग त्याच आठवड्यात मिळेल का, हा प्रश्न मेहकर-डोणगावकडच्या बचतगटाला तसाच पडतो, जसा १९०५ मध्ये फाळाबाबत कृष्णाकाठच्या शेतकऱ्याला पडला होता.